न मोजलेले तीन

सीडर रॅपिड्सला वारा नदीवरून आला
की गावभर भाजल्या ओटचा वास पसरतो.
त्या गिरणीच्या प्रयोगशाळेत मी दाणे मोजते,
शंभरात किती फुटके, किती पोचट.
म्हणून कोच नोवाचेकनं क्लिकर माझ्या हाती दिला.
‘तुम्ही नाही चुकणार,’ म्हणाला.

कौस्तुभ हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना,
पोरांनी त्याचं काऊ केलं.
त्यांच्या लेखी गाय. आयोवात गाय खपून जाते.
माझ्या लेखी तो घासातला काऊ,
ज्याच्या नावानं मी याला कारल्याची भाजीही भरवली होती.

बारा वर्षांच्या हाताला एका दिवशी पंच्याऐंशी पिच.
नळाशेजारच्या पाटीवर रंगवलंय तसं,
पाच आकड्याचा रंग जरा उडालाय.

त्या शनिवारी शेवटची इनिंग, दोन बाद,
आम्ही एकानं पुढे, माउंडवर काऊ.
डावा पाय वर घेतो तेव्हा तो माझा नसतो,
कुणी उंच, परका, कमरेतून पीळ भरत गेलेला,
आणि चेंडू सुटला की पुन्हा
टोपी सावरणारं पोर.
ब्याऐंशी.
त्र्याऐंशी.
मग माझा अंगठा थांबला.
चुकला नाही. थांबला.

दाराआड उभं राहून ऐकावं तसा श्वास धरून
मी तीन चेंडू जाऊ दिले.
बॅटर चालत पहिल्या बेसवर गेला.
कोचनं मान वळवली.
मी क्लिकर वर धरला : त्र्याऐंशी.
‘मग अजून एक बॅटर,’ तो म्हणाला,
आणि काऊनं त्याला तीन चेंडूंत परत पाठवला.

सगळे मैदानात धावले. मीही.
दर सामन्याला नुसतीच वही घेऊन बसणाऱ्या
हॉल्वरसनबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली,
वही मिटली,
आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

रात्री वरणभात.
‘डाव्या हातानं? कुणी शिकवलं हे?’
मी ओरडलेसुद्धा.
त्यानं उजवा उचलून दाखवला.
कोपर अर्ध्यावर अडलं,
घास ओठांपासून वीतभर लांब.
‘इथंपर्यंतच येतो, आई.’
मी खुर्ची ओढली आणि भरवू लागले.
काऊचं नाव नाही घेतलं.

डॉक्टर लिंडक्विस्टनी दोन्ही कोपरांचे फोटो उजेडावर लावले.
आतल्या बाजूला हाडाशी एक बारीक काळी रेघ.
‘ही भेग नाही,’ त्या म्हणाल्या.
‘इथं तो अजून वाढतोय. फक्त उजवीकडे
रेघ जरा जास्तच रुंद झालीय.’
तीन महिने चेंडू नाही.
‘तीन पिचनी असं होतं?’
त्यांना वाटलं मी कुठलातरी आकडा विचारतेय.
‘तिनानं नाही. मार्चपासूनच्या सगळ्या शनिवारांनी.
हिवाळ्यात जिमखान्यातल्या जाळीतही टाकत होता ना?’
होता. मीच गाडीनं सोडायची.
पण ते सगळे कुठून मोजू?
मला ते तीनच येतात मोजता.

नोवाचेकला मी सांगितलं, पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून.
त्यानं बराच वेळ बुटाची माती दुसऱ्या बुटानं काढली.
क्लिकर परत मात्र मागितला नाही.

आता ऑगस्ट. माउंडवर अकरा वर्षांचा थिओ,
बाही मनगटाखाली लोंबणारा.
काऊ माझ्याशेजारी बाकावर,
क्लिकर त्याच्या डाव्या मुठीत.
थिओ अजून नुसता हात मोकळा करतोय,
कॅचरकडे सावकाश, गंमतीचे चेंडू,
आणि याचा अंगठा चालूच.
‘अरे, सरावाचे नाही धरत,’ मी म्हटलं.

त्यानं मैदानावरची नजर काढली नाही.
‘हाताला काय माहीत?’
क्लिक.